काळबांडे सरांचं एक वाक्य

काळबांडे सर प्राचार्यांच्या खोलीत शिरण्याआधी चपला बाहेर काढत. तसा नियम नव्हता. पण भीतीने त्यांच्या तळव्यांना घाम सुटायचा आणि चपला फरशीवर चुरूचुरू वाजायच्या, म्हणून ते अनवाणीच आत जात. हे त्यांनी मला स्वतःहून सांगितलं होतं. "मी जन्माचा भेकड आहो रे बापा," असं ते आपलं गाव सांगावं तितक्या सहज म्हणत.

रायपुरात मी शिकत होतो त्या मुलग्यांच्या शाळेत ते इतिहास शिकवत. नोकरी कंत्राटी, दरवर्षी नव्याने मिळायची. 'घंटी' नावाचं चार पानांचं हिंदी वर्तमानपत्र आम्ही मुलं काढायचो, तेही त्यांच्याकडे होतं. माझे बाबा रेल्वेत, मूळ वर्धेकडचे, म्हणून माझ्याशी मात्र सर मराठीत बोलत. 'घंटी'ला त्यांनी एक रिवाज लावून दिला होता. ज्याच्याबद्दल लिहिलं, त्याच्यापुढे उभं राहून ते आधी वाचून दाखवायचं, आणि जो वाचेल त्याचंच नाव खाली छापायचं. कँटीनवाल्या भैयाला त्याच्याच समोशांच्या तेलाबद्दल वाचून दाखवताना माझी बोबडी वळली होती. "परवानगी मागाले नाही जाऊन राहिलो आपण, सांगाले जाऊन राहिलो," असं मला बजावून सर स्वतः माझ्या पाठीमागे उभे राहिले होते.

मी तेव्हा अकरावीत होतो आणि ऑनर क्लबातही होतो. चांगले गुण आणि चांगली वर्तणूक असलेल्या बारा मुलांना निळा बिल्ला मिळे. मधल्या सुट्टीत लहान मुलांना नळापुढे रांगेत उभं करून पाणी प्यायला लावणं हे आमचं काम. बिल्ल्याचा मला भारी तोरा होता, आणि तो जाईल याची धास्तीही.

त्या वर्षी शाळेत पिलिया, म्हणजे कावीळ, शिरला. आठ-दहा मुलं अंथरुणाला खिळली, माझ्या बाकावरचा तरुण नावाचा मुलगा तर दवाखान्यात होता. बाहेरचा गुपचुप, म्हणजे पाणीपुरी, खाल्ल्यामुळे हे झालं, असं प्राचार्यांनी प्रार्थनेच्या वेळी जाहीर केलं. सर मला गच्चीवर घेऊन गेले. तिथल्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीचं झाकण फुटलं होतं, आत कबुतरांची विष्ठा आणि पिसं. त्यांनी ऑफिसला दोनदा लिहून दिलं, काही हललं नाही. मग मी आजारी मुलांवर लेख लिहिला. पिलिया त्यानेच झाला, असं सरांनी मला लिहू दिलं नाही. "डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिही." म्हणून टाकीबद्दल लेखात एकच वाक्य राहिलं: छत की टंकी का ढक्कन टूटा है, अंदर गंदगी है, और हम रोज़ वही पानी पीते हैं।

वाचून दाखवायला आम्ही दोघं गेलो. सरांच्या चपला दाराबाहेर. मी वाचत होतो आणि प्राचार्यांची नजर माझ्या बिल्ल्यावर होती, निदान मला तसं वाटलं. मग ते वाक्य आलं. मी ते गाळलं आणि थेट शेवटावर आलो.

"बढ़िया," प्राचार्य म्हणाले. "छापो."

मला इतकं हायसं वाटलं की आजही त्याची लाज वाटते.

"सर, एक वाक्य रह गया," काळबांडे सर म्हणाले. घसा खाकरून त्यांनी ते वाक्य पाठ म्हटलं. हात त्यांनी पाठीमागे धरले होते.

"यह किसने लिखा है?"

मी हातातला कागद घडी करून खिशात घातला.

"पढ़ा मैंने है सर, तो नाम मेरा जाएगा," काळबांडे सर म्हणाले.

"छपा, तो अपना सोच लीजिए," प्राचार्य शांतपणे म्हणाले.

शनिवारी 'घंटी' निघाली. लेखाखाली माझं नाव, आणि त्याखाली चौकटीत ते एक वाक्य, सरांच्या नावाने. सोमवारी पालक फाटकावर जमले. मंगळवारी टाकी धुऊन नवं झाकण बसलं. शुक्रवारी सरांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. माझा बिल्ला जागच्या जागी राहिला.

त्या दुपारी ते मला सायकल स्टँडपाशी भेटले. मी कसंबसं सॉरी म्हणालो.

"काहून? तू भ्याला, मीबी भ्यालो. माह्या तं तळव्यांचा घाम अजून वाळला नाही." मग हेल्मेटची काच रुमालाने पुसत म्हणाले, "घरी सांगितलं नाही अजून. तुह्या काकूले आता सांगा लागते. एकट्याले लय भेव लागून राहिलं. येतं का संगं? बोलू नको काही, नुसता उभा राहजो."

काकूंनी मला कितीदा जेवू घातलं होतं. त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला.

"सर, ट्यूशन आहे," मी म्हणालो.

"हव, मंग जा. लेट नको होऊ."

त्यांनी स्कूटर सुरू केली आणि गेले. पुढच्या महिन्यात दोघं पुलगावला निघून गेले, असं कानावर आलं. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे, अजून लावलेला नाही. त्या दिवशी मला ट्यूशन नव्हती.