लीड्सच्या गणतीतला निखिल

विमान लंडनवर उतरू लागलं तेव्हा खाली घरंच घरं दिसत होती. एकाला एक चिकटलेली तपकिरी छपरं, आणि माणूस एकही नाही. सांगलीच्या शाळेत तीस वर्षं मी भूगोल शिकवला. युरोपातल्या मोठ्या शहरांची लोकसंख्या आणि घनता मुलांकडून घोकून घेतली. पॅरिस दाट, लंडन पसरलेलं, सत्तर लाखांचं. ते डोळ्यांनी पाहायचा योग आला निवृत्तीनंतर, दोन हजार एकच्या एप्रिलमध्ये.

विमानतळावर माझा भाचा निखिल न्यायला येणार होता. तो लंडनमध्येच एका कॉम्प्युटर कंपनीत होता. दोन तास मी ट्रॉली धरून उभी होते. तो आला नाही. शेवटी फरशी पुसणाऱ्या एका पंजाबी बाईंनी चौकशी केली आणि मला लीड्सच्या कोचमध्ये (लांब पल्ल्याची बस) बसवून दिलं. ‘‘यहां बच्चों को टाइम नहीं मिलता, बहनजी,’’ त्या म्हणाल्या. बस सुटल्यावर रडू आलं, याची मला लाज वाटली.

लीड्सला माझी धाकटी बहीण सुनंदा राहते. तिचे यजमान अशोकराव तिथल्या रुग्णालयात पंचवीस वर्षं डॉक्टर आहेत, आणि निखिल त्यांचा एकुलता एक. रात्री आमटी-भात आणि फ्रीजरमधून काढून गरम केलेल्या पोळ्या जेवताना मी विचारलं, ‘‘निखिल का नाही गं आला?’’

‘‘ऑफिसमध्ये काही निघालं असेल,’’ सुनंदा म्हणाली. अशोकराव ताटातून मान वर न करता म्हणाले, ‘‘ख्रिसमसपासून त्याचा धड फोन नाही, ताई.’’

त्या वर्षी तिकडेही जनगणना होती आणि सुनंदाने घरोघरी फॉर्म वाटायचं तात्पुरतं काम घेतलं होतं. मीही तिच्याबरोबर जाऊ लागले. फेब्रुवारीतच मी सांगलीत हे काम केलं होतं. नोकरीतलं ते माझं शेवटचं काम. तिथे एका घरात माहिती विचारली की शेजारच्या तीन घरांची आपोआप मिळायची, वर चहा. इथे बॅक-टू-बॅक घरांची (पाठीला पाठ लावून बांधलेली) लांबच लांब रांग होती. भिंतीपलीकडे माणूस, वर माणूस, आणि गल्लीत आमच्या दोघींच्या बुटांचा आवाज. आकाश आठवडाभर राखेच्या रंगाचं होतं.

एका दारात पांढरी दाढी वाढलेले एक आजोबा उभे राहिले. सुनंदाने घरात किती जण, असं विचारलं.

‘‘एकटाच आहे मी, लव्ह.’’ (इकडे अनोळखी बाईलाही असं म्हणतात.) फॉर्म घेऊन ते वीस मिनिटं बोलत राहिले. बायको, गुडघा, बंद पडलेली गिरणी. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी विचारलं, ‘‘फॉर्म न्यायला परत तुम्हीच येणार का?’’ सुनंदाने सांगितलं, तो पोस्टाने पाठवायचा असतो. त्यांनी मान हलवली आणि दार लावलं.

आमच्या घरचा फॉर्म गणतीच्या रविवारी संध्याकाळी अशोकरावांनी भरायला घेतला. स्वतःचं नाव, सुनंदाचं, पाहुणी म्हणून माझं. मग त्यांनी निखिलचं नाव लिहिलं. मुक्काम, हेच घर.

‘‘अहो, तो इथे राहत नाही,’’ सुनंदा म्हणाली. ‘‘मी दारोदार हेच समजावत फिरतेय.’’

‘‘वर त्याची खोली आहे ना?’’

‘‘खोली मोजत नाहीत, माणसं मोजतात.’’

‘‘मग कर मला रिपोर्ट,’’ असं म्हणून ते उठून गेले. सुनंदाने फॉर्म पुढे ओढला. नाव तिने खोडलं नाही. घडी घालून फॉर्म पाकिटात सारला.

मेच्या मध्यावर मी परत निघाले. सुनंदाने निखिलसाठी बेसनाचे लाडू बांधून दिले आणि त्याचा पत्ता दिला. बसस्थानकावर अशोकराव म्हणाले, ‘‘ताई, त्याला म्हणावं...’’ आणि माझी बॅग उचलून बसमध्ये ठेवायला गेले.

विमान रात्रीचं होतं. लंडनला बस बदलायच्या ठिकाणी सामान ठेवून मी भुयारी रेल्वेने एजवेअरला गेले. तो त्या मार्गाचा शेवटचा थांबा. दुकानांवर गुजराती पाट्या, कढीपत्ता विकायला. घर सापडलं. निखिलनेच दार उघडलं आणि तो जागीच थबकला.

‘‘मावशी! तू इथे कसा आला?’’ तिकडेच वाढलेला, त्याचं मराठी असंच.

तीन खोल्यांचं घर, त्यात नऊ जण. हॉलला मधोमध प्लायवूड ठोकलेलं. निखिलच्या खोलीत तीन गाद्या होत्या आणि त्यांतल्या एका गादीवर कुणीतरी तोंड झाकून झोपलं होतं. तो फार वाळला होता.

‘‘जॉब गेला, फेब्रुवारीत. आमचा सगळा टीम गेला. आता भाजीच्या दुकानात बॉक्सेस उतरवतो,’’ तो हळू आवाजात म्हणाला. ‘‘एअरपोर्टला आलो असतो, पण मग तू सगळं विचारला असता.’’

मी त्याला सुनंदाच्या कामाबद्दल सांगितलं. तो कसनुसा हसला. ‘‘इथला फॉर्म घरमालकाने भरला. फक्त तीन नावं. बाकीचे आम्ही नाहीच.’’

‘‘तुझं नाव लीड्सला आहे. बाबांनी लिहिलंय.’’

‘‘बाबांनी? स्वतः?’’ तो गादीवर बसला. लाडवाचा डबा मांडीवर तसाच न उघडता. मग म्हणाला, ‘‘घरी सांगू नको. टू मंथ्स दे मला. नवीन जॉब मिळाला की मीच सांगतो. प्रॉमिस?’’

मी प्रॉमिस केलं.

पण विमानतळावर त्याचा तो चेहरा डोळ्यांपुढून हलेना. वडिलांनी नाव लिहिलं हे ऐकून तो कसा बसला होता! आता कुणीतरी एकाने बोलायची खोटी आहे, असं मला वाटलं. मी फोनच्या खोक्यात नाणी टाकली आणि सुनंदाला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, ‘‘ह्यांना सांगते.’’

सांगलीला पोचल्यावर चार दिवसांनी तिचा फोन आला. अशोकरावांनी त्याच रात्री निखिलला फोन केला होता. बोलावून घ्यायला म्हणून केला आणि ओरडून ठेवला. तीन महिने आपल्याला फसवलं, एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. रविवारी दोघं एजवेअरला गेले, तर दार दुसऱ्याच मुलाने उघडलं. निखिल शुक्रवारीच खोली सोडून गेला होता, पत्ता न ठेवता.

‘‘सत्तर लाखांत कुठे शोधू गं ताई?’’ सुनंदाने विचारलं. इतकी वर्षं तो आकडा मी फळ्यावर लिहिला होता.

ऑगस्टमध्ये लीड्सला त्याचं एक कार्ड आलं. शिक्का मँचेस्टरचा होता. बरा आहे, काम आहे, शोधू नका. सुनंदाने ते मला फोनवर दोनदा वाचून दाखवलं. त्यात माझ्याबद्दल काही लिहिलंय का, हे विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.