अव्वाला दिसलेला ठिपका

मी फिजिक्सवाली. भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून जाणारी. तरीही हे लिहितेय, कारण ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी विषयच बदलला...

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी नांदेडला पीएचडी करत होते. उपग्रहावरच्या एक्स-रे दुर्बिणीची जुनी निरीक्षणं सगळ्यांना खुली असतात. ती चाळताना आकाशाच्या एका चित्रात ठिपका सापडला. त्याच जागेच्या बाकी चित्रांत तो नव्हता. म्हणजे कधी पेटणारा, कधी विझणारा, आजवर कुणी न नोंदवलेला स्रोत! माझे गाईड सर म्हणाले, "परत पेटलेला दिसल्याशिवाय कुणी मानणार नाही." घरी मी अवाक्षर काढलं नव्हतं.

आणि एका दुपारी उदगीरहून अव्वाचा – माझ्या आईचा – फोन. टँकरच्या रांगेत उभी होती. मागं बायकांचं चाललेलं, उदगीर जिल्हा झाला की नळाला पाणी येईल म्हणून.

"आगं, महादेवाच्या कळसावर काय तरी भकाभका जळायलंय. बाकी कुणालाच दिसंना. डोळे झाकले तरी दिसायलंय मला!"

ऊन लागलं असेल, म्हटलं. पण अंधार पडताना परत फोन करून म्हणाली, "मावळलं बघ." दुसऱ्या दिवशी ते परत उगवलं.

डोक्यात गाठबीठ तर नाही? लातूरला नेऊन स्कॅन केलं. मी बाहेर बाकावर नखं खात बसलेले. रिपोर्ट स्वच्छ, डोळेही ठीक. तोवर दिसणंही थांबलं होतं.

उदगीरला परतल्यावर अव्वानं रांगेत उभी होती त्या जागेवरून कळसाकडे बोट दाखवलं. मी मोबाईलवरच्या तारे दाखवणाऱ्या ॲपमध्ये त्या दुपारचं आकाश काढलं... माझा ठिपका तेव्हा बरोबर तिथेच होता. अहो, एक्स-रे हवेतून खाली पोचतच नाहीत, म्हणून तर दुर्बीण वर पाठवावी लागते!

योगायोग असेल, असं मनाला समजावत परतले. पावसाच्या तोंडावर पुन्हा फोन.

"सुरू झालंय गं. मागच्यापेक्षा लई जास्ती. भ्या वाटायलंय."

धावत सरांकडे गेले, सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "मेल टाकू. फार तर हसतील." उपग्रहवाल्यांनी दुर्बीण तिकडे वळवली. उत्तर आलं. ठिपका पेटलेला होता, आधीपेक्षा कितीतरी प्रखर.

शोध आमच्या नावावर लागला. नंतर ठिपका विझला, आजतागायत पेटलेला नाही. अव्वालाही परत काही दिसलं नाही. मग मी तिला सगळं समजावलं – ते किती लांब आहे, किती प्रचंड आहे. ऐकता ऐकता तिचा चेहराच उतरला. माझा हात घट्ट धरून हळूच म्हणाली,

"मी टक लावून बघितलं म्हणून तर विझलं न्हाई ना गं ते?"

नाही म्हणायला तोंड उघडलं... पण एक्स-रे खाली पोचत नाहीत, हेही मी इतक्याच खात्रीनं सांगितलं असतं.