बाकबहाद्दर

साहेब चार वेळा खासदार झाले आणि संसदेत त्यांनी जे काही केलं ते हाताने केलं. तोंडाचा उपयोग हे फक्त जेवायला आणि घोरायला करतात, असं विरोधक म्हणायचे. पण हा शुद्ध आरोप होता. साहेब सभागृहात कधीच घोरले नाहीत. ताठ बसून, डोळे अर्धवट उघडे ठेवून, चेहऱ्यावर देशाची काळजी घेऊन झोपायची विद्या त्यांना साधली होती. पक्षाच्या नेत्याचं भाषण रंगात आलं, की त्यांचा उजवा हात आपसूक उठायचा आणि धाडकन बाकावर पडायचा. त्यामागोमाग सगळा पक्ष बाकं बडवायला लागायचा. नवखे खासदार तर भाषणाकडे कान न देता साहेबांच्या हाताकडे डोळे लावून बसायचे. वर्तमानपत्रांनी त्यांचं नाव बाकबहाद्दर ठेवलं होतं, आणि साहेबांना ते मनातून आवडायचं.

ही कला ते मांडवात शिकले. राजकारणात येण्याआधी त्यांचा धंदा मांडव, खुर्च्या आणि लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचा. सभा कोणत्याही पक्षाची असो, खुर्च्या यांच्याच. वक्ता लांबला की खुर्च्या अडकायच्या आणि हमाल कावायचे. मग यांनी एक युक्ती काढली. वक्ता दम खायला थांबला रे थांबला, की हे मागून टाळ्यांचा असा कडकडाट सुरू करायचे की सगळी सभा त्यात ओढली जायची. यापेक्षा झकास शेवट आपल्याच्याने होणार नाही, असं वाटून वक्ता खाली बसायचा. हमाल लगेच खुर्च्या उचलायला लागायचे. पक्षाचे लोक याला निष्ठा समजले, आणि साहेबांनी त्यांचा गैरसमज दूर करण्याचं काही कारण नव्हतं.

पुढे एका निवडणुकीत पक्षातल्या दोन गटांची तिकिटावरून अशी जुंपली की एकमेकांचं तोंड बघेनात. शेवटी ज्याने जन्मात कुणाविरुद्ध ब्र काढला नाही असा माणूस शोधायचं ठरलं, आणि ती शोधाशोध मांडववाल्यापाशी येऊन थांबली. त्या वर्षी पक्षाची हवा होती. खुर्ची उभी केली असती तरी निवडून आली असती, असं त्यांची बायकोच म्हणाली. ते निवडून आले.

साहेबांनी आयुष्यात वचन असं एकच दिलं, आणि तेच अंगाशी आलं. नदीपलीकडे त्यांची थोरली बहीण राहायची. आई लवकर गेली, तेव्हा या ताईनेच त्यांना न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं. एवढा ऐसपैस देह झाला तरी ती त्यांना टिल्लूच म्हणायची. पहिल्या विजयानंतर गळ्यातले हारही न काढता ते होडीतून तिच्याकडे गेले आणि म्हणाले, "ताई, पुढच्या वेळी मी गाडीतून येणार. पूल बांधतो."

काठावर कोनशिला बसली. नंतर पुलाचं घोडं कुठे अडलं ते कुणी सांगेना. दर निवडणुकीला साहेब कोनशिला धुवून घ्यायचे. एरवी ताई तिला शेळी बांधायची. साहेबांच्या खासदारकीच्या दुसऱ्या खेपेला ताईच्या नवऱ्याच्या पोटात अचानक कळा यायला लागल्या. नदीला पाणी चढलेलं, होडीवाला नको म्हणाला. मेहुणे अलीकडचा दवाखाना न बघताच गेले. ताई साहेबांना एका शब्दाने बोलली नाही. पण त्या दिवसापासून तिने त्यांना घरात घेतलं नाही. ते आले की ओट्यावर सतरंजी टाकायची, चहा आणून द्यायची आणि म्हणायची, "मतं मागायला येणाऱ्यांची सोय बाहेरच असते." चारचौघांत हसणाऱ्या या माणसाला तो ओटा रात्रंदिवस टोचायचा, पण पक्षाकडे तोंड उघडायची हिंमत काही व्हायची नाही.

चौथ्या खेपेचं शेवटचं अधिवेशन होतं. तिकीटवाटप तोंडावर आलेलं. त्या दिवशी साहेबांची दाढ अशी ठणकत होती की झोप लागणं शक्यच नव्हतं. विरोधी बाकांवरच्या एक किरकोळ बांध्याच्या, जाड चष्म्याच्या बाई बोलायला उभ्या राहिल्या.

"मंत्रिमहोदय, एकाच नदीवर तुमच्या मतदारसंघात दोन पूल आहेत. त्यातला एक कोरड्या ओढ्याशी जाऊन थांबतो. वरच्या अंगाला, शेजारच्या मतदारसंघात मात्र नुसती कोनशिला आहे आणि लोक तिला शेळी बांधतात. तिथला पूल तुम्ही उचलून नेलात की नाही?"

बाई दम खायला थांबल्या. आणि सत्ताधारी पक्षाच्या मागच्या रांगेतून आवाज आला. धाड, धाड, धाड. सवयीने आणखी चार नवखे खासदारही बडवायला लागले आणि मग भानावर येऊन हात खिशात घालून बसले. कॅमेरा वळला तेव्हा साहेबांचा हात अजून बाकावरच होता.

पक्षाच्या खासदारांना धाकात ठेवणारा जो प्रतोद असतो, त्याने तासाभरात त्यांना खोलीत बोलावलं. हा माणूस रागावला की जास्तच गोड बोलायचा.

"साहेब, एवढं काय मनावर घेताय? तुम्हाला डुलकी लागली होती. सवयीने हात चालला. बाहेर पत्रकार आहेत, एवढंच सांगून टाका. तिकीट तुमचंच."

"झोपलो होतो म्हणून सांगू?"

"लोकांना पटेल की!"

साहेबांनी बाहेर येऊन आधी बायकोला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"मग सांगा की," बायको म्हणाली. "तुमची झोप काय लपून राहिलीय? उगाच घरी बसायची वेळ आणू नका. तुम्ही दिवसभर घरात म्हटल्यावर माझं कसं व्हायचं?"

"पण मी जागा होतो गं."

मग बायको हळूच म्हणाली, "ताईंनी टीव्ही बघितला असेल का हो?"

साहेबांनी फोन ठेवला. चार वेळा निवडून आलेला हा माणूस शाळेतल्या पोरासारखा घाबरला होता. समोर माइक होते. आयुष्यभर त्यांनी माइक दुसऱ्यांसाठी लावले होते.

"साहेब, झोपेत हात चालला का?" एका पत्रकाराने विचारलं.

"नाही. मी जागा होतो."

"कधीपासून?"

हशा पिकला. साहेबांनी गाल धरला. "सकाळपासून. दाढ दुखत होती."

"मग बाक का वाजवलंत?"

"बाई खरं बोलत होत्या. तो पूल आमचा आहे. मी चार खेपा मागितला नाही, ही माझी चूक. माझे मेहुणे त्यापायी गेले."

या वेळी कुणी हसलं नाही.

तिकीट कापलं गेलं. ते मिळालं गावातल्या दुसऱ्या मांडववाल्याला, ज्याच्या खुर्च्यांचे पाय मोडके असतात असं साहेब जन्मभर सांगत आले होते. मंत्री जागच्या जागी राहिले आणि पूलही जागच्या जागी राहिला. सरकारी बंगला सुटला. साहेब एका सकाळी एकटेच होडीतून पलीकडे गेले. कोनशिलेला शेळी बांधलेली होती. तिला वळसा घालून ते ताईच्या घराशी आले आणि नेहमीच्या जागी ओट्यावर बसले. सतरंजी नव्हतीच, जमिनीवरच टेकले.

ताई हात पुसत बाहेर आली. "मतं मागायला आलास?"

"नाही. तिकीट गेलं."

"पूल?"

"तोही नाही."

ताईने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "मग बाहेर काय बसलास, टिल्लू? आत ये."

साहेब उंबऱ्यापाशी चपला काढायला वाकले, पण त्यांना पट्टा दिसेना. डोळे भरून आले होते. ताईने त्यांचा दंड धरला आणि त्यांना आत, उजेडाच्या खिडकीपाशी नेऊन बसवलं.

"आ कर," ती म्हणाली. "बघू कुठली दाढ ती."