कोरा सोडलेला कागद

नागपूरच्या बसस्थानकावर तो मला एकदाच दिसला. साठीचा माणूस, मांडीवर जाड कागद, पायाशी पाण्याचा डबा. समोरच्या बाकावरच्या बाईचं तो जलरंगात चित्र काढत होता. तिच्या गालावर आणि कपाळावर कोडाचे पांढरे चट्टे होते.

"डाग तेवढे नका रंगवू, काका," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला.

तो आधी कागद ओला करी, त्यावर रंगाचा एक थेंब सोडी आणि हात मागे घेऊन थांबे. इतका वेळ हा कशाची वाट पाहतो, या कुतूहलानं मी त्याच्या मागेच उभा राहिलो. थेंब आपला आपण पसरून गाल झाला.

चित्र हातात घेताच बाईचा चेहरा उतरला. "डाग दिसूनच राहिले."

"मी त्याले रंगच नाही लावला, बाई. माह्यापाशी पांढरा रंग नाही. उजेड दाखवाचा असला, की कागद कोरा सोडा लागते. नाकावर पाहा, ओठावर पाहा. तेही कोरंच आहे."

तिनं पाहिलं. मीही वाकून पाहिलं. ऊन कुठलं आणि चट्टा कुठला, मला सांगता आलं नसतं.

"ओलं आहे अजून," तो म्हणाला.

"सुकू द्या," ती म्हणाली.

तिची काटोलची बस लागली, भरली आणि गेली. ती चित्र आडवं धरून तिथंच बसून राहिली.