कंगव्याचे फोटो

माझ्या धाकट्या भावाला झटका आला तेव्हा तो घाटकोपरच्या आपल्या स्टुडिओत एका मुलीचा पासपोर्टचा फोटो काढत होता. "हनुवटी जरा खाली घे" असं म्हणता म्हणता त्याची जीभ अडखळली आणि तो स्टुलावरून कलंडला, असं त्या मुलीच्या वडिलांनी नंतर आम्हाला सांगितलं. त्यांनीच त्याला रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. जीव वाचला. पाय हळूहळू चालता झाला, उजवा हात लुळा राहिला आणि बोलणं गेलं.

बोलणं जातं म्हणजे काय होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मला वाटायचं आवाज जात असेल. त्याचा आवाज चांगला खणखणीत होता. शब्द गेले होते. एकच उरला होता, 'चल'. पाणी हवं असलं तरी चल, पंखा बंद करायचा असला तरी चल. मला हाक मारायलाही चल. जन्मभर मला ताई म्हणणारा माणूस माझ्याकडे बघून "चल, चल ना" म्हणायचा आणि आपल्या तोंडून भलतंच आलं हे त्याचं त्यालाच कळायचं. मग तो डोळे मिटून घ्यायचा.

मी शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झालेली, एकटी राहणारी. त्याचं घर मुलुंडला माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून. त्याची बायको विक्रोळीला नोकरीला जाते, ती घरी बसून भागणार नव्हतं. ती सकाळी निघाली की मी तिथे जायचे आणि ती परत येईपर्यंत त्याच्याजवळ बसायचे.

बोलणं शिकवायला एक थेरपीवाली मुलगी यायची. तिशीचीही नसेल, पण भलतीच शांत. पहिल्या दिवशी तिने त्याच्याच टेबलावरचा कंगवा उचलून त्याच्यासमोर धरला. "काका, हे काय आहे?"

भावाने कंगवा तिच्या हातातून घेतला, डाव्या हाताने व्यवस्थित भांग पाडला आणि कंगवा तिला परत दिला. "चल," म्हणाला.

"वस्तू ओळखतायत," ती मला म्हणाली. "नाव सापडत नाहीये. आपण एकाच वस्तूपासून सुरुवात करू. मावशी, तुम्ही या कंगव्याचे फोटो काढा. वेगवेगळे काढा, जवळून, लांबून, वरून. एकच फोटो रोज बघून काका कंटाळतील. फोटो दाखवायचा, नाव घ्यायचं आणि थांबायचं. घाई करायची नाही."

कंगवा साधा होता, पांढरा, प्लास्टिकचा, एका टोकाचे दोन दात पडलेले. स्टुडिओत फोटोला बसण्याआधी गिऱ्हाइकं जो वापरतात तो नव्हे, हा त्याचा स्वतःचा. मी तो पलंगावरच्या फुलाफुलांच्या चादरीवर ठेवला आणि मोबाइलवर सात-आठ फोटो काढले. मग त्याच्यासमोर मोबाइल धरून म्हटलं, "हा बघ. कंगवा."

त्याने बघितलं आणि तोंड वाकडं केलं. दुसरा दाखवला तर मोबाइलच बाजूला सारला. "चल. चल, चल, चल." शेवटी तर ओरडलाच.

मी थेरपीवालीला फोन केला. "फोटो ओळखतच नाहीये गं तो. चिडतोय."

"होतं असं, मावशी. रेटू नका. उद्या परत बघा."

दुसऱ्या दिवशीही तेच. मी किचनमध्ये जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. बाहेर आले तर तो उठून जेवणाच्या टेबलाशी आला होता. कंगवा त्याने चादरीवरून आणून टेबलावर ठेवला होता. मला बघितल्यावर त्याने पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि टेबलाच्या सनमायकावर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा ओढल्या. मला वाटलं, फुल्ली-गोळा खेळायचाय. लहानपणी गावी अंगणात कोळशाने खेळायचो तसा. बरं वाटलं मला. मीही बोट बुडवून एका घरात फुल्ली मारली.

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी बोट मागे घेतलं. फुल्ली तळव्याने पुसून त्याने रेघा पुन्हा ओढल्या आणि कंगवा उचलून बरोबर उजवीकडे वर, दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे ठेवला. मग माझं मनगट धरून मोबाइल वर आणला, आणखी वर, थोडा डावीकडे. आणि थांबला.

मी फोटो काढला. स्क्रीनवर कंगवा मध्यभागी नव्हता. एका बाजूला सरकलेला होता आणि बाकीचं टेबल मोकळं. मला त्यातलं काही कळत नाही, पण माझ्या चादरीवरच्या फोटोंसारखा तो नव्हता एवढं दिसत होतं. भावाने मान डोलावली. फोटो त्याला ओळखू येत नव्हता असं काही नव्हतं. फोटो वाईट होता म्हणून तो चिडला होता.

त्यानंतर रोज दुपारी आमचा तोच उद्योग झाला. ऊन गॅलरीच्या ग्रिलमधून आत आलं की गजांच्या सावल्या लादीवर तिरक्या पडायच्या. तो मला कंगवा त्या सावल्यांच्या शेवटी ठेवायला लावायचा, म्हणजे नजर त्या पट्ट्यांवरून आपोआप कंगव्याशी जायची. एकदा किचनच्या काळ्या कडप्प्यावर भलत्या मोकळ्या जागेत एका कोपऱ्यात नुसता कंगवा ठेवला. एकदा मला बेडरूममध्ये उभं करून अर्धवट उघड्या दारातून समोरच्या खुर्चीवरचा कंगवा टिपायला लावला, दाराची चौकट फोटोलाही चौकट होईल असा. एकदा मला लादीवर पालथी झोपवली. साठी उलटलेली बाई मी, गुडघे कुरकुरत होते, आणि हा वरून "चल, चल" म्हणून माझं कोपर पायाने सरकवतोय. कंगवा इतका जवळ होता की त्याचे दात कुंपणासारखे दिसत होते.

मी चुकले की त्याला समजावता यायचं नाही. हाताने खुणा करून, माझा खांदा ढकलून शेवटी दमायचा. "सांग ना रे, काय चुकलं?" मी विचारायचे. तो तोंड उघडायचा, मानेच्या शिरा ताणल्या जायच्या, आणि चल. एवढं सगळं आत आहे आणि एकाही गोष्टीला बाहेर यायला वाट नाही, हे समोर बसून बघायचं. मी दुसरं काय करणार होते?

पुढच्या वेळी थेरपीवाली आली तेव्हा फोटो बघून चकितच झाली. "मावशी, हे तुम्ही काढले?"

"याने काढून घेतले."

तिने त्याला एकेक फोटो दाखवला. तो खुशीत होता. "काका, हा काय आहे? कं..." तिने सुरुवात करून दिली.

"कं," तो म्हणाला. मी पुढे सरकले. "कं... कं..." ओठ थरथरले. "चल."

ती थांबली. पुन्हा म्हणाली. पुन्हा तेच. मग तिने मला विचारलं, "घरी लहानपणी वेगळा शब्द होता का काही?"

होता. आमच्या आईच्या तोंडात कंगवा कधी आला नाही. "फणी खंय गेली रे?" असंच ती विचारायची. मी त्याच्यासमोर बसले आणि आईसारखंच विचारलं. तो हसला. आई गेल्यापासून तो शब्द आम्ही दोघांनीही उच्चारला नसेल, पण त्याला तो आठवत होता. माझ्या गालाला हात लावला त्याने. शब्द मात्र आला नाही.

महिने गेले. स्टुडिओ बंदच होता. गाळ्याच्या मालकाने बरीच वाट बघितली होती, माणूस वाईट नव्हता, पण आता त्याला गाळा हवा होता. भावजय मला म्हणाली, "ताई, ह्यांना न विचारता मी कसं ठरवू? हातानं उभं केलंय त्यांनी ते."

एका रविवारी ती त्याच्यासमोर बसली. "अहो, दुकान सोडायचं का? मालक मागतोय."

त्याने तिच्याकडे बघितलं आणि मान होकारार्थी हलवली.

"सोडायचं ना?"

पुन्हा हो.

"की ठेवायचं?"

पुन्हा हो. मग मान आडवी. मग हो. थेरपीवालीने आम्हाला आधीच सांगितलं होतं की त्याच्या हो आणि नाहीची अजून अदलाबदल होते, त्यावर विसंबू नका. "चल," तो म्हणाला. "चल ना, चल."

"कुठे चलू?" भावजय म्हणाली.

मला वाटलं, हा फोटोंतून बोलतो तर फोटोंतूनच विचारू. मी घाटकोपरला गेले. शटर उघडून समोरच्या फुटपाथवरून एक फोटो काढला, शटर ओढून दुसरा. घरी येऊन दोन्ही त्याच्यासमोर धरले. "हे उघडं, हे बंद. कुठलं हवं तुला? बोट ठेव."

त्याने दोन्ही नीट बघितले. उघड्या शटरच्या फोटोवर बोट ठेवलं, आणि मी भावजयीकडे बघते तोवर बोट त्याने शटरच्या वरच्या कडेवरून सरकवत नेलं. मग मोबाइल जरा उजवीकडे कलता केला. फोटो तिरका आला होता. माझी आडवी रेघ सरळ नव्हती, हे तो मला दाखवत होता. दुसरा फोटो घेऊन त्यातही तसंच दाखवलं.

"अरे, ते नाही विचारत मी," मी म्हटलं. तो पुन्हा मोबाइल कलता करून दाखवत राहिला. त्याला प्रश्न कळला होता की नाही, की कळूनच तो त्यातून सुटत होता, हे मला सांगता येत नाही.

शेवटी भावजयीने आणि मी मिळून गाळा सोडला. दिवे आणि स्टँड त्याच्या एका फोटोग्राफर मित्राला दिले. फोटोच्या मागे लावायचा निळा पडदा गुंडाळून, त्याच्या स्टुलासकट टेम्पोतून घरी आणला आणि गॅलरीत ठेवला. भाऊ पडद्यापाशी गेला, डाव्या हाताने त्याची कड जराशी उलगडून बघितली, पुन्हा गुंडाळली आणि अगदी हळू म्हणाला, "चल." दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. त्या दिवशी आम्ही फोटो काढले नाहीत.

"ताई, बरोबर केलं ना आपण?" संध्याकाळी भावजयीने विचारलं. मी तांदूळ निवडत होते. "दुसरं काय करता आलं असतं गं," म्हटलं.

पावसाळा होऊन गेला आणि एकदा जेवताना भावजय त्याला पुन्हा भात वाढायला लागली. त्याने ताटावर हात आडवा धरला.

"नको," तो म्हणाला.

इतकं स्पष्ट की शेजारच्या खोलीत ऐकू गेलं असतं. तिचा हात वाढता वाढता थांबला. "काय म्हणालात?"

"नको," तो पुन्हा म्हणाला, आणि स्वतःच दचकला. मग हसला. खूश झाला होता, बघा ऐकलंत का असा आम्हा दोघींकडे बघत होता.

मी त्याच्या पाठीवर हात फिरवला. "शाब्बास रे," म्हटलं. भावजयीने भाताचं पातेलं खाली ठेवलं. ती त्याच्याकडे बघून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. दुकान गेलं होतं, आता त्याला विचारावं असं काही उरलेलं नव्हतं. तो मात्र उत्साहात आमटीच्या वाटीवर हात धरून, मग पाण्याच्या पेल्यावर धरून पुन्हा पुन्हा म्हणत होता, नको, नको.