सही न केलेला खलाशी

शनिवारी सकाळी स्टुटगार्टहून कार्ल्सरूहेला निघालो, तेव्हा माझ्या मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा होता. सोबत माझी मुलगी प्रणिता. ती इथे गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे, आणि मी नाशिकची निवृत्त मुख्याध्यापिका, दोन महिन्यांसाठी तिच्याकडे आलेली. दुपारी तिच्या मैत्रिणीकडे जेवायचं, मग राइन नदी पाहून परतायचं, असा बेत होता.

प्फोर्त्सहाइमला गाडी थांबली ती थांबलीच. काहीतरी घोषणा झाली आणि डब्यातली माणसं मुकाट्याने उतरू लागली.

"आल्झो (म्हणजे 'तर') आई, पुढे रुळांचं काम चाललंय. आता एर्झाट्झबस (गाडीऐवजी सोडलेली बस) घ्यायची," प्रणिता म्हणाली.

बाहेर बोचरी थंडी. थांब्यावर साठीचा एक गृहस्थ पत्त्याची चिठ्ठी धरून उभा होता. ठेंगणा, पण पाठ अशी ताठ की कवायतीचीच आठवण व्हावी. ही बस कार्ल्सरूहेलाच जाते ना, असं त्याने इंग्रजीत विचारलं आणि पुढे बसमध्ये तो माझ्याच शेजारी बसला. नाव रेनातो, देश फिलिपिन्स.

मी काय करते ते सांगून झाल्यावर मी उलट विचारलं. तो म्हणाला, "आधी नौदलात अधिकारी. मग बंडखोर, मग कैदी, मग खासदार."

मी हसले. तो हसला नाही.

मग त्याने सगळं सांगितलं. नौदलाच्या सामानात वरचे लोक पैसे खात होते. बोटींवरची लाइफजॅकेटं हाताने फाटत होती. तक्रारी करून थकल्यावर रेनातो आणि त्याच्या हाताखालच्या खलाशांनी राजधानीतली एक इमारत ताब्यात घेतली. गोळी कुणीच झाडली नाही. संध्याकाळी ते शरण आले आणि तुरुंगात गेले. तुरुंगातूनच तो निवडणुकीला उभा राहिला आणि लोकांनी त्याला निवडून दिलं. पुढे सरकारने माफी देऊ केली. अट एकच, 'मी गुन्हा केला' असं लिहून सही करायची.

"मी सही केली," तो म्हणाला. "डॅनिलोने केली नाही. तो माझ्या बोटीवरचा इंजिन मेकॅनिक. आपण गुन्हा केलेला नाही, असं तुरुंगात मी रोज सकाळी माझ्या माणसांना सांगायचो. त्याने ते धरून ठेवलं. तो आत राहिला. नोकरी गेली, पेन्शन गेली. आता कार्ल्सरूहेच्या नदीबंदरात मालवाहू बोटींची इंजिनं दुरुस्त करतो."

"तुम्ही येताय हे त्यांना माहीत आहे?"

"नाही. पत्ता त्याच्या बहिणीने दिला. गेली निवडणूक मी हरलो. इतकी वर्षं कामाचं कारण होतं. आता तेही उरलं नाही."

कार्ल्सरूहेला उतरल्यावर तो घुटमळला. "दारापर्यंत याल का? सोबत बायका असल्या तर तो निदान दार लोटणार नाही."

प्रणिताने माझ्याकडे पाहिलं आणि मैत्रिणीला फोन लावला. आम्हाला उशीर होणार होता.

ट्रामने बंदरात पोचलो. उंच क्रेन, वाळूचे ढीग, राखाडी इमारती. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते चष्मा कपाळावर चढवलेल्या एका जाड माणसाने. तो डॅनिलो. त्याने रेनातोकडे बराच वेळ पाहिलं, मग आमच्याकडे.

"आत या. बूट इथे काढा."

घरभर चिंचेचा वास होता. शेगडीवर सिनिगांग (चिंच घातलेला माशांचा आंबट रस्सा) उकळत होतं. खिडकीतून राइनच्या पाण्याची एक करडी पट्टी दिसत होती. आम्ही मायलेकी खुर्च्यांवर टेकलो. रेनातो उभाच राहिला.

"डॅनिलो, मी सही केली."

"ठाऊक आहे. तुरुंगातल्या टीव्हीवर पाहिलं." आमच्यासाठी तोही इंग्रजीतच बोलत होता. "सर, सही केलीत त्याचा राग नाही. तुम्हाला बायकामुलं होती. पण करणार आहात हे मला सांगितलं नाहीत. मी तुमच्या हुकमाची वाट बघत बसलो."

रेनातोने सबब सांगितली नाही. "सांगितलं असतं तर तू माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं असतंस, ती मला सोसली नसती. म्हणून नाही सांगितलं."

शाळेत मी कितीतरी मुलांना माफी मागायला लावली. त्या क्षणी मात्र मला टेबलक्लॉथवरून नजर उचलवेना.

डॅनिलोने भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडलं, उलटं करून टेबलावर ठेवलं आणि पेन दिलं. "मी एकटाच नव्हतो. सही न केलेले सगळे आठवतात? नावं लिहा."

रेनातो बसला आणि लिहू लागला. प्रत्येक नावापुढे गाव लिहिलं, एकाच्या आईचं नावही लिहिलं. मग पेन थांबलं. डॅनिलो रस्सा ढवळत राहिला.

"आचारी," रेनातो म्हणाला. "मनगटावर भाजल्याचा डाग होता. सकाळी गायचा. नाव... नाव आठवत नाही."

"बेनी. गेल्या वर्षी वारला. लिहा त्याचंही."

त्याने लिहिलं. मग डॅनिलोने चार वाडगे मांडले. रस्सा आमच्या चिंचेच्या सारासारखा, फक्त गूळ नाही, त्यामुळे डोळ्यांत पाणी आणणारा. मी डबा उघडला. डॅनिलोने दोन पोळ्या खाल्ल्या आणि यात डाळ आहे हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. जेवताना रेनातो म्हणाला की यादीतल्या प्रत्येकाच्या घरी तो जाणार आहे. डॅनिलोने यादी पुन्हा एकदा वाचली आणि एका गावाचं नाव दुरुस्त केलं.

आम्ही मैत्रिणीकडे जायला निघालो. रेनातो तिथेच राहिला.

परतीच्या गाडीत प्रणिताने विचारलं, "माफ केलं का गं त्यांनी?"

"तसं काही म्हणाले नाहीत. पण आपण निघताना सोफ्यावर चादर घालत होते."

तिला झोप लागली. मी विचार करत राहिले. रेनातोच्या जागी मी असते तर पत्र पाठवलं असतं, आणि उत्तर आलं नाही की आपलं काम झालं असं मानून गप्प बसले असते. बंड करायला किती धैर्य लागतं मला ठाऊक नाही, मी कधी केलं नाही. पण ते तीन जिने चढताना मी त्याच्या मागे होते. प्रत्येक मजल्यावर तो थांबत होता, आणि धाप लागली म्हणून नव्हे.