पंजा खाली घे

ट्रॅक्टर उलटताना मी पहिल्यांदा पाहिला तो मोबाईलवर. पुढच्या पंज्यात भलंमोठं खोड, मागची चाकं हवेत, आणि चालवणारा माणूस एकदम दिसेनासाच झाला. व्हिडिओ तिथेच संपला. तो वाचला की गेला, कोण सांगणार? बोरीवलीच्या माझ्या स्वयंपाकघरात कुकर शिट्ट्या मारत होता आणि मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होते. कारण अगदी तसाच पंजा माझा धाकटा भाऊ घ्यायला निघाला होता.

माझं माहेर गोराईचं. बाबा गेल्यापासून वाडीकडे कुणी फिरकलं नव्हतं. भाऊ मासळीच्या धंद्यात, मी इकडे नोकरीत. घाणेरी आणि बाभळींनी वाडीची पार वाट लावली होती. शेवटी भावाने एक जुना, छोटा ट्रॅक्टर घेतला, पुढे ओझं उचलायचे लोखंडी हात असलेला. त्या हातांना पंजा लावायचा, झुडपं मुळासकट उपटायची आणि भाजी करायची, असा त्याचा बेत. पंजे दोन तऱ्हेचे मिळत होते. एक बुडाला बंद, मोठ्या घमेल्यासारखा, वरून जबडा मिटणारा, मातीसकट सगळं उचलणारा. दुसऱ्याला नुसतेच दात. त्यातून माती गळून जाते, मुळं आणि फांद्या तेवढ्या अडकून राहतात. हा अंगाने बराच हलका.

"ताई, मोठाच घेऊ. एका घासात अख्खं झुडूप!"

"आणि त्या घासात तू गेलास म्हणजे?"

"तू ना, आधी ते व्हिडिओ बघणं बंद कर."

विकणारा माणूस बरा होता. दोन्ही पंजे वाडीवर आणतो, लावून बघा, मग ठरवा, म्हणाला. फक्त एक गोष्ट त्याने फोनवर बजावली. मोठा पंजा लावायचा तर ट्रॅक्टरच्या मागे वजन हवंच. मागे लोखंडी पेटी अडकवायची आणि ती वाळूने गच्च भरायची, नाहीतर पुढच्या ओझ्याने मागची चाकं उचलली जातात. मी हे भावाला रोज फोन करून ऐकवलं. शेवटी तो वैतागला, "अगं, भरतो गं बाई, समुद्राकाठी राहतो, वाळूला काय तोटा?"

त्या दिवशी सकाळी बोटीने खाडी ओलांडून पोचले तर वाडीत लग्नघराइतकी माणसं. भावजयीने हार, नारळ, लिंबं, सगळा थाट मांडलेला.

"अगं, नुसतं बघायला आणलंय, घेतलंय कुठे अजून?" मी म्हटलं.

"लोखंड दारात आलंय ताई. पूजा केल्याशिवाय हात कसा लावायचा?"

मोठा पंजा आधीच लावून झाला होता आणि त्याच्या जबड्यावर झेंडूचा हार लोंबत होता. मी मागे जाऊन पेटीत डोकावले. रिकामी!

"वाळू कुठाय रे?"

"मुहूर्त टळतोय ताई. आधी पूजा, मग वाळू."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"लिंबांवरून पुढे घ्यायचाय फक्त. एवढ्याला कसली वाळू!"

विकणारा लांब रस्त्यावर टेम्पोतून दुसरा पंजा उतरवत होता. मी त्याला हाक मारणार तेवढ्यात भावजयीने आरतीचं ताट माझ्या हातात दिलं आणि पुटपुटली, "पूजेच्या वेळी वाद नको ना ताई." नारळ फुटला. भाऊ चढून बसला. जमलेल्यांना दाखवायचं म्हणून आधी त्याने बांधावरचं एक झुडूप मातीसकट जबड्यात धरलं. तेवढ्यात कुणीतरी मोबाईल रोखून ओरडलं, "वर घे रे, हार दिसू दे!"

आणि आमच्या शहाण्याने घेतला. वर, आणखी वर, स्वतःच्या डोक्याच्याही वर. मग ट्रॅक्टर वाटेत मांडलेल्या लिंबांकडे निघाला.

पुढचं एक चाक भुसभुशीत मातीत रुतलं. माझ्या बाजूचं मागचं चाक लिंबाला न शिवताच हळूहळू वर उठलं. मला ते लिंबू स्वच्छ दिसत होतं, पिवळंधमक. ट्रॅक्टर पलीकडे कलत होता. लोक टाळ्या वाजवत होते! त्यांना वाटलं, गंमत करतोय. मला भावाचं तोंड दिसत होतं, पांढरंफटक. लिव्हरवरचा हात तसाच थिजलेला. तो माझ्याकडेच बघत होता.

"खाली घे! पंजा खाली घे!"

इंजिनाच्या आवाजात त्याला काय ऐकू जाणार? मी हातातलं ताट सोडलं आणि दोन्ही तळवे जमिनीकडे दाबत राहिले. खाली, खाली, खाली. देवा, एवढं कळू दे याला.

कळलं. पंजा धाडकन मातीत बसला, मागचं चाक आपटलं, इंजिन बंद पडलं.

"झकास!" कुणीतरी ओरडलं. फोटो मस्त आला होता म्हणे. भावजय विझलेल्या निरांजनाकडे बघत होती. "ताई, ताट पाडलंत हो! आजच्या दिवशी!" तिला काहीच कळलं नव्हतं. कुणालाच कळलं नव्हतं.

विकणारा दुसरा पंजा घेऊन आला. "मग, कुठला ठेवू?"

भाऊ सीटवरून उतरलाच नाही. "दातांचा ठेवा," तो मोठ्याने म्हणाला. "आमची ताई फार घाबरते ना!"

सगळे हसले.

"हो, घाबरते," मी म्हटलं. "भित्रीच आहे मी."

लोक पांगले. भाऊ अजून वरच होता. "ताई, पाणी दे ना," अगदी हळू आवाजात म्हणाला. मी तांब्या पुढे केला. त्याने हात उचलला, पण तांब्या त्याला धरवेना. भावजय तिकडे प्रसाद वाटत होती. मी तिच्याकडे पाठ करून, तो आडोशाला येईल अशी उभी राहिले आणि तांब्या त्याच्या तोंडाला लावला.